जुळारीमामांचे नऊ ‘ळ’

जुळारीमामा हातात आलेला कोणताही कागद आधी उलटा धरत आणि मग वाचत. लग्नपत्रिका असो, औषधाची चिठ्ठी असो, नाहीतर कालचं वर्तमानपत्र. एकदा मुरबाडहून निघालेल्या एसटीत ते असेच पेपर उलटा धरून बसले होते. कंडक्टरला वाटलं, माणूस निरक्षर असून चारचौघांत ऐट करतोय. त्याने शेजारच्यांना डोळ्याने खुणावलं आणि पेपर सुलटा करा, मंत्री डोक्यावर उभे आहेत, असं मामांना सुचवलं. मामांनी पेपर तसाच ठेवून त्याला आतल्या पानावरची एक बातमी खणखणीत वाचून दाखवली आणि तिच्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत हेही सांगितलं. ही गोष्ट मुरबाडमध्ये मी पाच-सहा जणांच्या तोंडून ऐकली. शेवटी मामांनाच विचारलं. ते म्हणाले, “तीन नाय. दोनच व्हत्या.”

मामा कंपोझिटर होते, म्हणजे छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारे जुळारी. हातातल्या पट्टीत जुळवलेली ओळ उलटी दिसते आणि तशीच वाचावी लागते. पंचवीस वर्षं असं वाचल्यावर सुलट्या कागदावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. सुलटं वाचताना मन पुढे धावतं आणि चूक मागे राहते, असं ते म्हणत. घर म्हसा रस्त्यावरच्या एका गावात, बौद्ध वस्तीत. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मामा पहिलीत होते. सातवीनंतर कल्याणला एका छापखान्यात हे काम शिकले आणि मग मुरबाडला एसटी स्टँडमागच्या गल्लीतल्या छापखान्यात आले ते तिथलेच झाले. छापखाना म्हणजे पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या खणांच्या चार लाकडी पेट्या, मालक आणि मामा. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, जयंतीची निमंत्रणं, पावतीपुस्तकं असं सगळं तिथे निघे.

मी तेव्हा शहापूरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होते आणि मुरबाडहून किन्हवलीमार्गे एसटीने जाऊन-येऊन करत होते. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मला कथा लिहायच्या होत्या. चार वर्षं मी ते करत होते, म्हणजे सुरुवाती करत होते. माझ्या वहीत एकतीस कथांच्या सुरुवाती होत्या आणि शेवट एकाही कथेचा नव्हता. पहाटे उठून लिहावं असं कुठेतरी वाचलं म्हणून पहाटे उठले. रोज एक पान लिहावं असं कुणीतरी सांगितलं म्हणून रोज एक पान लिहिलं. आधी आराखडा करावा असं कळलं म्हणून आराखडे केले. आराखडे चांगले होत. त्यांच्या पुढे काही होत नसे.

शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका छापायला म्हणून मी त्या छापखान्यात गेले. मामांनी मला स्टुलावर बसवलं आणि कच्चं प्रूफ काढायला आत गेले. टेबलावर दुसरंच एक प्रूफ पडलं होतं. पत्रिका नव्हती, हँडबिल नव्हतं. मी वाचलं. एका बाईची सासू वारली आहे. नवरा कामासाठी परगावी. बाई रोज दोन ताटं घेते, एक आपलं आणि एक सासूचं. शेजारणी येतात, बोलतात, जातात. दहाव्या दिवशी ती बाई एकच ताट घेते. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: ‘तिने दुसरं ताट धुतलं. पालथं घातलं.’

मी विचारलं, ही गोष्ट कोणाची? मामा शाईचे हात पुसत होते. मी कोणी लिहिली असं विचारतेय, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग म्हणाले, “कोनी लिवली नाय, बाई. जुळवली.”

ते खरोखरच तसं होतं. मामा कथा कागदावर लिहीतच नसत. दुपारी मालक जेवायला घरी जात, मशीन बंद असे. त्या तासाभरात मामा पेटीसमोर उभे राहून थेट खिळ्यांतच कथा जुळवत. एक अक्षर उचलायचं, पट्टीत बसवायचं, मग दुसरं. हस्ताक्षर त्यांचं दुसरीतल्या मुलासारखं होतं आणि पेन हातात घेतलं की त्यांना काही सुचत नसे. पानभर मजकूर झाला की एक प्रूफ काढायचं आणि लगेच सगळे खिळे परत आपापल्या खणांत टाकायचे, कारण संध्याकाळी त्याच खिळ्यांतून कोणाचं तरी लग्न लागायचं असे. तेव्हा प्रत्येक कथेची एकच प्रत असायची आणि तीही अशी चुरगळलेली.

खिळे परत टाकण्याचं काम कंटाळवाणं, पण मामांचं खरं लिहिणं तिथे होत असे. जुळवताना सगळीच वाक्यं बरी वाटतात, असं त्यांचं म्हणणं. परत टाकताना एखाद्या वाक्याशी हात जड होतो, अक्षरं टाकून टाकून कंटाळा येतो. ते वाक्य खोटं. दुसऱ्या दिवशी ते वगळून पुन्हा सगळं जुळवायचं. ताटाची कथा त्यांनी अकरा वेळा जुळवली होती. पहिल्यांदा ती चार पानं होती.

आणखी एक अडचण होती, तिचा मी नंतर फार विचार केला. छापखाना लहान, खिळे मोजके. मामा वापरत त्या मापाचे ‘ळ’ तर नऊच होते. एका पानात नवांपेक्षा जास्त ‘ळ’ आले की काम अडे. मामांनी मला एकदा सहज सांगितलं की त्यांच्या कथेतली माणसं हळहळत नाहीत आणि तळमळत नाहीत, कारण एका हळहळण्याला दोन ‘ळ’ जातात. कळवळ्याला दोन, कळकळीला दोन, जळफळाटालाही दोन. मग त्या माणसांनी करायचं काय, असं मी विचारलं. मामा म्हणाले की हाताशी काम असतंच की, ते करायचं. ताट धुवायचं.

घरी येऊन मी माझी वही उघडली. पहिल्या पानावरच सोळा ‘ळ’ होते.

त्यानंतर मी शनिवारी शाळा सुटल्यावर छापखान्यात जाऊ लागले. मालक भला माणूस होता. शिकलेली बाई आपल्या जुळाऱ्याशी बोलायला येते याचं त्याला कौतुक वाटे आणि तो चहा मागवी. मी मामांची पद्धत उचलायचं ठरवलं. चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहून ते मांडून पाहिले. ‘ळ’ मोजून वापरले. उभं राहून लिहिलं. तीन महिन्यांत माझ्याकडे बत्तिसावी सुरुवात तयार झाली. मी मामांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. “माझी चप्पल तुमी घालाल, बाई,” ते म्हणाले, “पन तुमच्या पायाला काटा कुठं टोचतो ते माझ्या चपलेला काय ठावं?” मग त्यांनी मला विचारलं की न अडता मी काय लिहिते. मी म्हटलं, काहीच नाही. ते म्हणाले, तसं नसतं, नीट आठवा. मला आठवलं नाही.

याच सुमारास मी एक चूक केली. ताटाची कथा मुंबईच्या एका दिवाळी अंकाला पाठवू का, असं मी मामांना विचारलं. पाठवायची तर पाठवा, म्हणाले. प्रूफ खराब झालं होतं म्हणून मी ती स्वच्छ अक्षरात उतरवून काढली. उतरवताना मला वाटलं, शेवट फार कोरडा आहे. वाचकाला बाईच्या मनातलं कळायला हवं. मी दोनच वाक्यं घातली: ‘तिचं मन हळहळलं. आतल्या आत ती तळमळत राहिली.’ आणि कथा मामांच्या नावाने पाठवून दिली. मामांना मी हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

कथा छापून आली. वस्तीतल्या विहारात मामांचा शाल देऊन सत्कार झाला. एका तरुण शिक्षकाने ती कथा मोठ्याने वाचली आणि शेवटाला दोन बायकांनी डोळे पुसले. मी मामांकडे बघत होते. ते शाल मांडीवर घेऊन खाली मान घालून ऐकत होते. शेवटच्या दोन वाक्यांना त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

पुढच्या शनिवारी मी गेले. रागावतील असं वाटलं होतं. मामा नेहमीसारखे उभे होते. त्यांनी हातातली पट्टी माझ्यापुढे धरली. तिच्यात माझी दोन वाक्यं होती. मला ती उलटी वाचायला वेळ लागला. मामा म्हणाले, “जुळवून बघितली. वाक्यं बरी हायत. पन परत टाकताना हाताला कंटाळा आला.” एवढंच बोलून त्यांनी माझ्यासमोर ती अक्षरं एकेक करून खणांत टाकली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यांनी मला एकही प्रूफ दाखवलं नाही. बोलणं होतं, चहा होता, प्रूफ नव्हतं. मी मागितलंही नाही.

दशक संपता संपता छापखान्यात कॉम्प्युटर आला. मालकाचाही इलाज नव्हता. कल्याणच्या गुळगुळीत पत्रिका बघून लोक त्याच्या पत्रिकांना नाकं मुरडू लागले होते. खिळे वितळवण्यासाठी जायचे ठरले. ज्या दिवशी टेम्पो येणार होता त्या दिवशी मी शाळेतून रजा काढून गेले. हमाल पोती उघडून उभे होते. सगळ्या पेट्या त्या पोत्यांत उपड्या व्हायच्या होत्या. मामांच्या टेबलावर एका जत्रेच्या हँडबिलाचा शेवटचा मजकूर अजून बांधलेला होता. मामांनी दोरी सोडली आणि ते सगळे खिळे नेहमीसारखे, एकही चूक न करता, आपापल्या खणांत परत टाकले. हमालांना त्याचा अर्थ कळेना. एक जण म्हणाला, मामा, आता एकाच पोत्यात जायचंय सगळं. मामांनी काम चालू ठेवलं. अर्धा तास लागला. मग ते बाजूला झाले आणि हमालांनी पेट्या उपड्या केल्या. शिशाचा आवाज पाऊस पडल्यासारखा होईल असं मला वाटलं होतं. तसा तो झाला नाही. खडी ओतल्यासारखा झाला.

मालकाने मामांना कॉम्प्युटर शिकायला बसवलं. मामा महिनाभर बसले. त्यांची तक्रार अशी की अक्षर मागायच्या आधीच हजर होतं. विचाराला वाटेत थांबायला जागाच नाही. शेवटी त्यांनी नोकरी सोडली आणि मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बाटल्या खोक्यांत भरण्याच्या कामावर लागले. मी त्यांना चांगलं पेन आणि जाड वही नेऊन दिली. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा वही कोरी होती. “पेन थांबत नाय, बाई,” ते म्हणाले. “वाक्य पुढं पळतं आन मी मागं ऱ्हातो.”

चार वर्षं मामांनी एक ओळ लिहिली नाही. आपण लिहिणारे नव्हतोच, ते सगळं खिळ्यांचं होतं, असं ते शांतपणे सांगत. एकदा कल्याणला एक जुना छापखाना अजून चालू आहे असं कळलं म्हणून मुद्दाम गेले. पेटीसमोर तासभर उभे राहिले. शाईचा वास घेतला. काही सुचलं नाही. परत आले.

या चार वर्षांत माझं मात्र सुरू झालं, आणि तेही त्यांच्यामुळे. माझी थोरली बहीण कसाऱ्याला दिलेली. मेहुणे रेल्वेत. तिला मी दर पंधरवड्याला लांबलचक पत्र लिहीत असे. एकदा मामांच्या घरी बसले असताना पोस्टात टाकायचं पत्र माझ्या पिशवीतून बाहेर डोकावत होतं. जाडजूड पाकीट. मामांनी विचारलं, हे किती वेळात लिवलं? मी म्हटलं, तासाभरात. मामांनी विचारलं, “कुठं अडला नाय?” मी म्हटलं, पत्रात काय अडायचं. मामा माझ्याकडे बघत राहिले. मला कळायला त्यांच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

त्या रविवारी मी ‘प्रिय ताई’ असं लिहून कथा सुरू केली. ताईला जे ठाऊक होतं ते सांगावं लागत नव्हतं. जे पटणार नाही तिथे ती भुवया उंचावते हे मला दिसत होतं, आणि मी ते वाक्य बदलत होते. कथा दोन रविवारांत पुरी झाली. मग वरचं ‘प्रिय ताई’ खोडलं. तेव्हापासून आजतागायत मी प्रत्येक कथा अशीच लिहिते. ताईला हे अनेक वर्षं माहीत नव्हतं. माझी पत्रं कमी का झाली, एवढंच ती विचारत असे.

मामांना त्यांची वाट सापडली ती कारखान्यात. खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे असत आणि प्रत्येक कप्प्यात एक बाटली उभी करायची. मामा दिवसभर उभ्याने तेच करत. एका दुपारी, चार वर्षांनंतर, बाटल्या भरता भरता त्यांना एक वाक्य आलं. मग पुढच्या कप्प्यापाशी दुसरं आलं. मामा हिशेबी माणूस. घरी येऊन त्यांनी विचार केला की खिळे नाहीत, शाई नाही, मग होतं काय? उभं राहणं होतं. कप्पे होते. आणि एका वेळी एकच. त्यांनी बाजारातून गणिताची चौकटीची वही आणली, ती खिडकीच्या उंच फळीवर ठेवली आणि उभ्याने, शिसपेन्सिलीने, एका चौकटीत एक अक्षर असं लिहायला सुरुवात केली.

मी बघायला गेले तेव्हा मामी माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. मामी कधी शाळेत गेल्या नव्हत्या. नवऱ्याच्या लिहिण्याबद्दल त्यांना राग नव्हता, पण नवीन प्रकार त्यांच्या समजुतीपलीकडचा होता. “आज लिवतात आन उद्या सगळं खोडतात,” त्या म्हणाल्या. “मंग परत तेच लिवतात. बाई, ह्यांना दवाखान्यात दाखवायचं का?” मामा मान खाली घालून हसत होते. पान भरलं की ते पान रबराने पूर्ण खोडायचं आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने पुन्हा लिहायचं, अशी त्यांची नवी रीत होती. जे आठवत नाही ते गेलं. कथा बदलायची थांबली की मगच ती पेनाने दुसऱ्या वहीत उतरायची. ‘ळ’ आता हवे तितके होते. मी विचारलं, वापरता का? ते म्हणाले, सवय नाय.

अशा आठ कथा त्यांनी पुढच्या पाच वर्षांत लिहिल्या. त्या माझ्याकडे आहेत, आणि छापखान्यातल्या अकरा कथांची प्रुफंही. त्यांच्याच सांगण्यावरून मी त्या सगळ्या उतरवून काढल्या. या वेळी उतरवलेली प्रत त्यांनी उलटी धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि एका ठिकाणी माझा राहून गेलेला अनुस्वार दाखवला. शहापूरच्या एका ओळखीच्या प्रकाशकाने त्यांचं लहानसं पुस्तक काढलं. फार खपलं नाही.

मामा गेले ते ध्यानीमनी नसताना. कारखान्यातून सुटून घरी आले, चहा घेतला आणि छातीत दुखतंय म्हणाले. कल्याणला नेईपर्यंत संपलं होतं. मी तेव्हा बदली होऊन खर्डीला राहत होते. मला दोन दिवसांनी कळलं. पुण्यानुमोदनाला गेले, गर्दीत बसले आणि परत आले. मामींशी बोलणं झालं नाही. म्हणून महिन्याभराने पुन्हा गेले.

दुपारची वेळ होती. मामी एकट्याच होत्या. खिडकीच्या फळीवर चौकटीची वही तशीच होती. मामींनी ती काढून मला दिली आणि शेवटचं काय लिहिलंय ते वाचा म्हणाल्या. मी वही उघडली. शेवटचं पान कोरं होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ते खोडलं होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिण्यासाठी. मी मामींना सांगितलं की यात काही नाही, खोडून टाकलंय. त्यांनी वही माझ्या हातून घेतली आणि पानावरून बोटं फिरवली. मग म्हणाल्या की हाताला तर लागतंय.

मामांची पेन्सिल जड असे. मी वही दारापाशी नेली आणि उजेडात तिरकी धरली. अक्षरांचे खड्डे दिसत होते. सगळे नाही. खालचा अर्धा भाग इतका घासला होता की काही लागत नव्हतं. वरच्या ओळी मी एकेक चौकट लावत वाचल्या आणि जेवढं लागलं तेवढंच मामींना वाचून दाखवलं:

‘नवी सून आली. सासू शेतावर. सुनेने पहिल्यांदा भाजी केली. घरात मीठ नव्हतं. शेजारी कोणाकडे मागायचं, तिला ठाऊक नव्हतं. नवरा जेवायला बसला. त्याने भाजी दोनदा मागून घेतली.’

मामी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. पुढे काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही. मग त्या खाली बसल्या. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, त्या सांगू लागल्या. ती पहिली भाजी केली त्या दिवशी त्या इतक्या घाबरल्या होत्या की स्वतः जेवल्याच नाहीत. मीठ नाही हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, सासूलाही नाही. नवऱ्याने दोनदा मागून घेतली तेव्हा त्यांना वाटलं, ह्या माणसाच्या जिभेला चवच नाही. पुढे कितीदा तरी त्यांनी मामांना तसं चिडवलंही होतं, आणि मामा हो म्हणायचे.

त्यांनी वही पुन्हा हातात घेतली, त्या ओळींवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, “म्हनजे त्यांना कळलं व्हतं?”